‘अंगावरचे पैसे’ : नाटकाच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

१ जूनपासून मासेमारी बंद. बोटी वर ओढून झाल्या, ताडपत्र्या चढल्या. आता ३१ जुलैपर्यंत आमचे निम्मे नट मोकळे, त्यामुळे तालमींचे दिवस हेच. देवळाच्या सभामंडपात मंडळाची बैठक झाली. यंदा पौराणिक वग बाजूला ठेवून माणसांच्या तस्करीवर बहुरंगी नमन, म्हणजे गण, गौळण आणि वग असलेलं आमचं कोकणातलं लोकनाट्य, बसवायचं ठरलं. दापोली तालुक्यातली गावं आणि वाड्या मिळून प्रयोग करायचे. एका संस्थेनं लाईट, टेम्पो आणि छपाईचा खर्च पत्करलाय. कपडेपट, मृदंग आणि चहा आमच्याकडे.

तात्या आमचे म्होरके. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "ह्यो इषय मुंबैचा. आपल्याकडं खंय हाय तस्करी?" दोघातिघांनी माना डोलावल्या. बैठकीत वाद घातला नाही. पण प्रेक्षकातला प्रत्येक माणूस हेच मनात धरून बसणार, तेव्हा तात्यांचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

१४ जून

संहितेचं वाचन. गुरुजींचा हात चांगला आहे, संवाद खटकेबाज. एसटी स्टँडवर अनोळखी माणूस, रुमालाला औषध, मुलगी बेशुद्ध, काळ्या काचांची गाडी, मुंबईतली माडी, शेवटी पोलिसांची धाड. ऐकताना कोणी जागचं हललं नाही.

तरी तो खर्डा घ्यायचा नाही असं मी म्हटलं. असं कधी होत नसेल असं नाही. पण हे बघून बाप घरी जाणार आणि पोरीला सांगणार, अनोळखी माणसाशी बोलू नको. झालं. आणि नेणारा तर ओळखीचा निघतो. आधी वाडीतल्या दोघांना कामाला लावलेला, लग्नात आहेर केलेला, सणाला पोरांसाठी खाऊची पिशवी घेऊन येणारा. त्याच्याशी बोलू नको असं कोण सांगेल?

गुरुजी थोडे घुश्श्यात. "मग खलनायक कुठाय तुमच्या नाटकात?" प्रश्न रास्त आहे. दोन अंक प्रेक्षकांनी ज्याला शिव्या द्याव्यात असा माणूस नसेल तर नमन उभं कसं राहणार?

१९ जून

वकीलबाई आल्या होत्या. सगळ्या नटांना बसवून कायदा समजावून घेतला, कारण प्रयोगानंतर लोक प्रश्न विचारतात ते नटांनाच.

भारतीय न्याय संहितेचं कलम १४३. १ जुलै २०२४ पासून हे लागू. त्याआधी हाच गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० खाली यायचा, २०१३ च्या दुरुस्तीनंतर. बाईंनी तीन प्रश्नांत बसवून दिलं. काय केलं? भरती केली, नेलं, ठेवून घेतलं, दुसऱ्याच्या हवाली केलं किंवा आलेला माणूस स्वीकारला. कसं केलं? धमकी, जबरदस्ती, पळवणं, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर, पैशाचं किंवा फायद्याचं आमिष. कशासाठी? शोषणासाठी. शोषण म्हणजे फक्त लैंगिक नव्हे. गुलामीसारखी राबवणूक, भीक मागायला लावणं, अवयव काढणं हेही त्यात आहे.

आमचा मृदंगी मध्येच म्हणाला, "पण ती आपल्या पायांनी गाडीत बसली असेल तर?"

"तरीही. नेलेल्या माणसाची संमती होती की नव्हती याला या गुन्ह्यात अर्थ नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय."

सभामंडपात बराच वेळ यावरच चर्चा चालली. ‘स्वतःहून गेला, पैसे घेऊन गेला’ हे वाक्य आमच्यातल्या प्रत्येकानं कुणाबद्दल तरी कधी ना कधी बोललेलं असणार. नाटकाचा कणा इथेच सापडला असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट उचलीची, म्हणजे कामाआधी अंगावर घेतलेल्या पैशांची. वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. वेठबिगारीचं कर्ज त्या कायद्यानं संपलेलं असतं, ते वसूल करता येत नाही. आणि हे कर्ज तसलं नाही हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर, घेणाऱ्यावर नाही. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत माणूस राबतो तेव्हा तीही घटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरीच. पोटाची गरज हीसुद्धा सक्ती होऊ शकते. हा शेवटचा भाग तात्यांनी पुन्हा सांगायला लावला.

२८ जून

कातकरवाडीवर गेलो. पाऊस असा की छत्रीचा उपयोग शून्य. मंडळी मे महिन्यात वीटभट्टीवरून परत आलेली, आता मिळेल तिथे भातलावणीला जातात. एका घराच्या पडवीत बसून बोलणं झालं.

पूर्वी खैराच्या काताचा धंदा, तो गेला, मग कोळसा, मग विटा. दिवाळी झाली की नवरा-बायको जोडीनं जातात, पोरं बरोबर. शाळेत नाव असतं, पोर भट्टीवर ओली वीट उलथत असतं. हे आम्हाला ऐकून माहीत होतं. माहीत नव्हतं ते वेळापत्रक. मी समजत होते, भट्टीसाठी मजूर ठरवणारा मुकादम दिवाळीला येतो. दिवाळीला गाडी येते. मुकादम येतो त्याच्या कितीतरी आधी, लावणी आटोपली की. त्या दिवसांत मजुरी नसते, घरात दाणा नसतो, पोर तापलेलं असतं. तेव्हा तो हजार-दोन हजार देतो, मग गणपतीला आणखी, मग दसऱ्याला. गाडी दारात येईपर्यंत माणूस केव्हाच बांधला गेलेला असतो.

म्हणून प्रयोगांचं वेळापत्रक उलटं केलंय. वाड्यांवरचे प्रयोग श्रावणात, गावातले गणपतीत. संस्थेला वाड्यांवरचे प्रयोग दिवाळीनंतर हवे होते, रस्ते कोरडे असतात म्हणून. रस्ते कोरडे असतील, पण बघायला वाडीत म्हातारी माणसं आणि कोंबड्याच उरतील.

नाटकाचं नावही तिथेच मिळालं. "अंगावरचे पैसे फिटले नाहीत, म्हणून पुन्हा त्याच शेठकडे," असं एकजण अगदी सहज म्हणाला.

६ जुलै, आषाढी

संकासुरावरून भांडण. गुरुजींची नवी कल्पना अशी की दलाल म्हणून संकासूरच आणायचा. काळा झगा, उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरांचा चाळ. वेद चोरणारा तो, आता माणसं चोरतो. कागदावर झकास. तात्या उठलेच. "संकासूर देवाचा हाय. शिमग्यात बाया त्येला नवस बोलत्यात, पोर त्येच्या पायावर घालत्यात. त्येला दलाल करायचा न्हाय."

मी तात्यांच्या बाजूची, आणि ती भावनेपोटी नाही. काळं सोंग दलाल झालं की पुन्हा तोच घोळ: वाईट माणूस लांबून ओळखू येतो. मग वाटाघाटी होऊन असं ठरलं की संकासूर प्रेक्षकांतून येईल आणि दलालाला वेड्यासारखे प्रश्न विचारील. लोक हसतील. दलाल हसत हसत उत्तरं टाळील.

गौळण मात्र आपोआप जमली. मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणींना मावशी नेहमी काहीबाही विचारतेच. आमची मावशी विचारते: कोणाबरोबर चाललीस गो? उतरणार कुणाकडं? त्याचं गाव कंचं? परतायचं कधी? आणि न्हाय पटलं तर येशील कशी? पाची प्रश्न चालीत बसले. गौळणी तोऱ्यात उत्तरं देतात, पेंद्या मध्ये तोंड घालतो, धमाल येते. वगात चंद्री, दलालाबरोबर जाणारी मुलगी, घरातून निघते तेव्हा तिला यातला एकही प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे मावशीला रंगमंचाच्या कडेला नुसती उभी ठेवायची का, यावर अजून एकमत नाही. मला नको वाटतं. लोकांना कळेल.

१३ जुलै

दलाल कोण? आमच्याकडे खलनायकी आवाजाचे दोन नट आहेत, दोघंही मिशा पिळत तयार. मी किराणा दुकानवाल्या भाऊंना घेतलं. गावात त्यांना कोणी वाईट म्हणत नाही, उधारी मागतानासुद्धा आधी तब्येत विचारतात. भाऊ हबकले: "ताई, माझी गिऱ्हाईकं तुटतील." बायकोनं समजूत घातली, तेव्हा तयार झाले. अट एकच, मिशी लावणार नाही.

खलनायक कुठाय याचं उत्तर गुरुजींना आज तालमीत मिळालं असावं. भाऊंनी चंद्रीच्या आजारी भावाच्या कपाळाला हात लावून "डॉक्टरला दाखवलात का?" असं इतक्या खऱ्या काळजीनं विचारलं, की गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवली.

२० जुलै

हिशोबाचा प्रवेश. सगळ्यात लहान, आणि सगळ्यात जास्त वेळ यालाच दिला. वाडीवरच्या एका जोडप्याला तालीम बघायला बोलावलं होतं. दिवसाची मजुरी बुडते म्हणून दोघांची रोजंदारी आधी दिली. फुकट सल्ला मागणं या नाटकाला शोभलं नसतं.

भाऊ मांडी घालून बसतात. पुढ्यात लाल कापडी वही. अंगठा जिभेला लावून पान उलटतात. उचल २५,०००. खर्ची, म्हणजे पोटापाण्याला दिलेले पैसे, आठवड्याला ८००, सव्वीस आठवडे, २०,८००. दवाखाना ३,०००. एकूण अंगावर ४८,८००. विटा पाडल्या ५२ हजार, हजारी ७०० प्रमाणे ३६,४००. बाकी १२,४००. (आकडे नाटकासाठी घेतलेले, प्रत्येक ठिकाणचा दर वेगळा.) "पुढच्या वर्षी फिटेल गो, चिंता करू नको," म्हणत भाऊ वही मिटतात आणि खिशातून शंभराची नोट काढून पोराच्या हातात ठेवतात.

पाहुणी बाई पदर सावरून म्हणाली, "ह्यानं भिजलेली वीट वजा नाही केली."

म्हणजे काय? तर अवकाळी पाऊस आला आणि कच्ची वीट भिजली, तर पाडणाऱ्याची मेहनत गेली, मोजणीत ती धरतच नाहीत. लगेच वहीत ४ हजार विटा कमी केल्या. ४८ हजार, ३३,६००, बाकी १५,२००. भाऊंनी तोंडातल्या तोंडात मांडून बघितलं आणि विचारलं, "पाऊस पडला त्यात यांची काय चूक?" नवरा हसला. "शेठपण हेच म्हणतो. माझी काय चूक?"

हे वाक्य नाटकात गेलं. आणखी एक सुचवणी त्यांचीच: वही प्रेक्षकांकडे उघडी धरायची नाही. "आम्हाला कुठं दिसते ती?" म्हणून आता प्रवेशभर प्रेक्षकांना पुठ्ठाच दिसतो आणि आकडे कानावर पडतात.

२४ जुलै

प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवली. संकासुराचे हजरजबाबी सवाल कागदावर कसे उतरवायचे यावर गुरुजींनी दोन संध्याकाळी घालवल्या. तो दर प्रयोगाला वेगळं बोलतो. शेवटी त्यातल्या त्यात सभ्य असे लिहून दिले.

३० जुलै

मानवी तस्करीविरोधी जागतिक दिन. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ साली हा दिवस ठरवला. त्यानिमित्त अकरावी-बारावीच्या मुलांसमोर शाळेच्या सभागृहात रंगीत तालीम केली. पत्रे इतके वाजत होते की पहिला गण कोणाला ऐकूच गेला नाही.

मुलांना भट्टी परकी वाटणार हे धरून त्यांच्यासाठी एक जोडप्रवेश होता. परदेशात डेटा एन्ट्री, महिना घसघशीत पगार, तिकीट फुकट. विमानातून उतरल्यावर पासपोर्ट ‘सांभाळायला’ घेतला जातो, आणि काम निघतं फोनवरून लोकांना फसवायचं. हे मनचं नाही: मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरच्या असल्या अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेच्या वर भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. तिथेही तिकिटाचे पैसे अंगावरच असतात.

प्रश्नांचा मात्र पूर आला, आणि जवळजवळ सगळे जहाजाच्या नोकरीवर. किनाऱ्याचीच मुलं, निम्म्यांना बोटीवर जायचंय. एकानं विचारलं, एजंट तीन लाख मागतो, त्यातले पन्नास हजार आधी, तर तो खरा की खोटा? वकीलबाईंनी फळ्यावर लिहून दिलं. जहाजावर भरती करणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना लागतो. तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. जमिनीवरच्या परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क घेता येतं, पण कमाल ३० हजार रुपये आणि वर जीएसटी. मुलांनी फळ्याचे फोटो काढले. नाटकाचा एकही काढला नव्हता.

१० ऑगस्ट

वाडीवरचा पहिला प्रयोग. लाईट गेली, पेट्रोमॅक्स आणि गाडीचे दिवे लावून केला. बरं झालं, हिशोबाच्या प्रवेशाला तोच उजेड हवा होता.

गौळणीत ‘दहा-नऊ-आठ’ मृदंगाच्या ठेक्यावर बसवलंय, मुलांसाठीचा १०९८. पोरं दुसऱ्या फेरीपासूनच बरोबर म्हणायला लागली. बाकीचे क्रमांक, पोलिसांचा ११२, महिलांचा १८१, मोफत कायदेशीर मदतीचा १५१००, पत्रकाच्या मागे छापलेत.

प्रयोगानंतर एक तरुण बाजूला घेऊन विचारत होता, की यंदाचे दोन हजार आधीच घेतलेत, तर आता काय? बाईंनी त्याच्याशी स्वतंत्र बोलून तालुका विधी सेवा समितीकडे न्यायचं ठरवलंय. त्यापुढचं इथे लिहिणार नाही. बरोबर आलेल्या बातमीदाराला त्याचा फोटो हवा होता, तोही काढू दिला नाही. नाटक आमचं आहे, त्याचे फोटो हवे तेवढे काढा.

३० ऑगस्ट

गणपतीतला प्रयोग, बंदराजवळच्या मांडवात. चाकरमानी आलेले, माणूस माणसाला चिकटलेलं. भाऊ रंगमंचावर आले तेव्हा टाळ्या पडल्या. गाववाल्यांना वाटलं, काहीतरी चांगलं काम मिळालंय यांना. तासाभरानं त्याच मांडवात त्यांना शिव्या पडल्या. माझ्या मते याहून मोठी दाद नाही. भाऊ मात्र रात्रभर गप्प होते.

खरा खेळ प्रयोगानंतर झाला. वगात एक छोटा प्रवेश आहे: बोटीवरचा नेपाळी खलाशी घरी जायचं म्हणतो, मालक म्हणतो, कागद माझ्याकडे आहेत, सीझन संपल्यावर बघू. एक बोटमालक उठले. चिडलेले नव्हते, पण आवाज चढलेला. "आम्ही काय माणसं पळवून आणली? उचल घेतो, चार दिवसांत दुसऱ्या बोटीवर जातो. माझे पैसे गेले, बोट धक्क्याला. कागद ठेवला नाही तर धंदा कसा करायचा?"

मांडवातल्या बऱ्याच जणांना त्यांचं पटत होतं, आणि त्यांची अडचण खोटी नाही. १९५० च्या करारामुळे नेपाळी माणसाला इथे यायला पासपोर्ट लागत नाही. जवळ असतो तो एखादा कागद, तोच मालकाच्या कपाटात गेला की माणूस बंदरातच अडकला. वकीलबाईंनी शांतपणे सांगितलं: उचल देणं गुन्हा नाही. लिहून घ्या, सही घ्या, कागदाची झेरॉक्स ठेवा, बुडाले तर दिवाणी दावा लावा. पण अस्सल कागद परत द्या, आणि जायचं म्हणणाऱ्याला अडवू नका. पैशासाठी माणूस धरून ठेवता येत नाही.

"दावा लावून पैसे मिळायला म्हातारा होईन मी," मालक म्हणाले. हशा पिकला. बाईही हसल्या, नाही म्हणाल्या नाहीत.

तात्या माझ्या शेजारी उभे होते. पहिल्या पानावरचा त्यांचा प्रश्न मी काही काढला नाही. त्यांनीच हळू आवाजात हिशोब केला, की आपल्या वाडीत बागांवर आणि बोटींवर मिळून बाहेरची किती माणसं असतील, आणि त्यातल्या कुणाचं पूर्ण नाव आपल्याला ठाऊक आहे.

७ सप्टेंबर

पितृपक्ष लागला, प्रयोग बंद. पुढचे नवरात्रात, २२ पासून. दुसऱ्या दलालाची तयारी करायला हवी. भाऊ म्हणतात दुकानात पोरं ‘बाकी किती?’ म्हणून चिडवतात, दोन प्रयोग सुट्टी द्या. मिशा पिळणाऱ्या दोघांपैकी एकाला घेऊन बघू, वस्तरा लावायला तयार असेल तर.

तेच बोटमालक काल संध्याकाळी घरी आले होते. लिहून घ्या म्हणालात, तर काय लिहायचं ते द्या. वकीलबाईंशी बोलून एका पानाचा नमुना केलाय: नाव, गाव, उचल किती, पगार किती, दर महिन्याला किती कापणार, सोडून जायचं तर बाकी कशी फेडणार, मूळ कागद परत दिल्याची दोघांची सही. दोन प्रती, एक खलाशाकडे. हे सगळ्या मालकांना पटेल असं मी समजत नाही, पण पाच-सहा जणांनी मागितलाय.

मराठीतला नमुना खलाशाला वाचता येणार नाही. वरच्या आंबाबागेतल्या नेपाळी राखणदाराचा मुलगा इथल्याच शाळेत दहावीत आहे, दोन्ही भाषा लिहितो. सोमवारी त्याला आणि त्याच्या बापाला विचारायचं. लिहिण्याचे पैसे ठरवून द्यायचे, आणि आधीच नाहीत, काम झाल्यावर.